भयपटांतले रंग आणि सावल्या : वाचक विचारतात

दारिओ अर्जेंतोचा 'सस्पिरिया' (१९७७) पाहून आम्ही लघुपटात तसा लाल-निळा उजेड करायचं ठरवलं. एडिटिंगमध्ये रंग चढवला तर सगळी फ्रेम रंगाच्या बादलीत बुडवल्यासारखी दिसते. प्रत्यक्ष लाल एलईडी लावला तर चेहऱ्याचा नुसता लाल गोळा होतो, नाक-डोळे उमटत नाहीत. कुठे चुकतंय?
*– वाचक, नाशिक*

या दोन वेगवेगळ्या चुका आहेत. एडिटिंगमधला रंग सगळ्या फ्रेमवर सरसकट बसतो. 'सस्पिरिया'त मात्र एका गालावर लाल, दुसऱ्यावर निळा, मागच्या भिंतीवर हिरवट आणि त्याच फ्रेममध्ये कुठेतरी साधा पांढरा दिवाही असतो. त्या पांढऱ्यामुळेच लाल इतका लाल वाटतो. छायालेखक लुचानो तोवोली यांनी प्रखर दिव्यांपुढे रंगीत मखमल आणि टिश्यूच्या चौकटी धरल्या, त्याही नटांच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ. रंग होता तो तिथे, सेटवर.

पुढचं काम लॅबचं. तीन फिती एकदम चालवणारा जुना टेक्निकलर कॅमेरा या चित्रपटासाठी वापरला, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते चूक आहे. तो कॅमेरा १९५०च्या दशकातच मागे पडला होता. चित्रीकरण साध्या ईस्टमन कलर निगेटिव्हवर झालं. टेक्निकलर होती ती छपाई. रोमच्या लॅबमध्ये निगेटिव्हवरून तीन वेगळ्या फिती काढल्या जात. एकीला निळसर हिरवा, दुसरीला किरमिजी आणि तिसरीला पिवळा रंग पाजून त्या एकामागून एक कोऱ्या फितीवर दाबल्या जात. साडीवर ठसे उमटवतात तसंच! प्रत्येक रंगाचा गडदपणा वेगळा सांभाळता येत असल्यामुळे ते रंग असे अंगावर येतात.

आता तुमचा लाल गोळा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत लाल टिपणारा एकच असतो, निळा टिपणाराही एकच. उरलेले दोन हिरव्याचे. शुद्ध लाल एलईडीत चारांपैकी तीन ठिपके जवळजवळ उपाशी राहतात. त्यात बहुतेक फोन ४:२:० पद्धतीने रेकॉर्ड करतात, म्हणजे रंगाची माहिती उभी आणि आडवी निम्मीच साठते. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : उजेडाच्या हिशेबात लाल रंगाचा वाटा जेमतेम २१ टक्के धरलेला असतो. कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, वाढवतो आणि लाल फुटतो. फुटलेल्या रंगात तपशील उरत नाही, मग तो एडिटिंगमध्ये परत कुठून येणार?

म्हणून एक्स्पोजर हाताने ठेवा आणि ऑटोने दाखवलेल्यापेक्षा निदान एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडावर) खाली आणा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तीन रंगांचा वेगवेगळा दिसत असेल, तर त्यातली लाल रेषा उजव्या कडेला टेकू देऊ नका. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर कुलूपबंद करा; ऑटोवर ठेवला तर तुम्ही घातलेला रंग कॅमेरा धुऊन काढायला बघतो. लाल दिव्यात दहाएक टक्के पांढरा मिसळा, नाक-डोळे परत येतील. निळा विरुद्ध बाजूने, लालपेक्षा निम्म्या जोराचा. तीन फुटी लाकडी चौकटीवर पातळ रंगीत वायल ताणून चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर धरा, दिवा त्यामागे आणखी दोन फुटांवर. दिवा एलईडीच हवा. हॅलोजनपुढे कापड लावू नका, पेट घेतं. नाटकवाल्यांचा जिलेटिन पेपरही त्यापुढे मधोमध विटतो आणि वेडावाकडा होतो.

'डॉ. जेकिल अँड मि. हाइड'मध्ये (१९३१) कट न घेता नटाचा चेहरा बदलतो. संगणक नसताना हे कसं केलं? आम्हाला करता येईल का?
*– वाचक, कोल्हापूर*

येईल, आणि शे-दोनशे रुपयांत. छायालेखक कार्ल स्ट्रस यांनी फ्रेड्रिक मार्च यांच्या चेहऱ्यावर रंगीत मेकअप आधीच चढवून ठेवला होता. भिंगापुढची रंगीत काच हळूहळू सरकवली की तो उमटायचा. मारिओ बावा यांनी 'इ व्हॅम्पिरी'त (१९५७) याच युक्तीने एका तरुणीला एका शॉटमध्ये म्हातारी केलं.

तत्त्व सोपं आहे. लाल उजेडात त्वचा आणि लाल रेघ दोन्ही सारखाच उजेड परत पाठवतात, म्हणून कृष्णधवल चित्रात रेघ गायब होते. हिरव्या उजेडात तीच रेघ काळी पडते. लाल लिपलायनरने सुरकुत्या, डोळ्यांखालचे खड्डे आणि गालफडं काढा. एक लाल आणि एक हिरवा दिवा एकाच उंचीवर, शक्य तितके जवळजवळ ठेवा. फोन कृष्णधवल मोडवर, फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही बंदिस्त. मग चार-पाच सेकंदांत लाल उतरवत हिरवा चढवा.

फसतं ते बहुधा मधल्या टप्प्यात. दोन्ही दिवे अर्ध्यावर असताना चेहरा एकदम उजळला किंवा काळवंडला की युक्ती उघडी पडते. आधी मेकअपशिवाय दिवे बदलून पाहा; उजेड सारखा दिसेपर्यंत दिव्यांचा जोर जुळवा. दिवे लांब-लांब ठेवले तर नाकाची सावली सरकते आणि तीच चुगली करते. आयब्रोची तपकिरी पेन्सिल चालणार नाही, ती लाल उजेडातही दिसत राहते. नटाला भडक लाल किंवा हिरवा सदरा घालू नका, नाहीतर चेहऱ्याआधी सदराच बदलेल.

मुर्नाऊच्या 'नोस्फेरातू'त (१९२२) पिशाच्च शवपेटी काखोटीला मारून भरउन्हात गावातून फिरतं आणि शेवटी उन्हानेच मरतं. ही दिग्दर्शकाची चूक नाही का?
*– वाचक, ठाणे*

चूक दिग्दर्शकाची नाही, तुम्ही पाहिलेल्या प्रतीची आहे. त्या काळच्या फिल्मवर रात्रीच्या खऱ्या अंधारात बाहेरचं दृश्य टिपणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून ते दिवसा घ्यायचे आणि प्रदर्शनाची प्रत रंगात बुडवायची. निळी फ्रेम म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. प्रेक्षकाला ही भाषा पाठ होती. पुढे स्वस्तातल्या नकला कृष्णधवल फिल्मवर काढल्या गेल्या, निळा रंग गेला आणि ऑर्लोक, म्हणजे ते पिशाच्च, उन्हात उघडा पडला. चित्रपट ज्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवर बेतला होता, तिचे लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने हक्कभंगाचा खटला जिंकल्यावर सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला होता. हाती लागलं तेवढं जपलं गेलं, हेच खूप.

पाहताना मुर्नाऊ प्रतिष्ठानची रंगछटा असलेली पुनर्संचयित प्रत शोधा. लांबीही तपासा. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने सुमारे ९४ मिनिटं चालणारी प्रत २४च्या वेगाने पळवली की ७० मिनिटांत संपते आणि ऑर्लोकची ती संथ, ताठ चाल दुडकी होऊन हसू येतं.

एकांकिकेसाठी 'डॉ. कॅलिगरी'सारखं (१९२०) वाकडंतिकडं नेपथ्य केलं. तालमीत छान दिसलं, दिवे लागल्यावर सगळा परिणाम गेला.
*– वाचक, पुणे*

तुमच्या दिव्यांनीच ते खाल्लं. हेर्मान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्योरिग यांनी त्या चित्रपटात सावल्या आणि कवडसे कॅनव्हासवर रंगवले होते. रंगवलेल्या सावलीवर खरी सावली पडली की डोळा खऱ्या सावलीवरच विश्वास ठेवतो. म्हणून फ्लॅटवर, म्हणजे नेपथ्याच्या रंगवलेल्या चौकटींवर, समोरून, दोन्ही बाजूंनी सारखा, सपाट उजेड द्या आणि बाजूचे स्पॉट काढून टाका. नटाला फ्लॅटपासून निदान पाच फूट पुढे उभं करा, म्हणजे त्याची सावली जमिनीवर पडेल. मांजरपाटावर ऑइल पेंट मारला असेल तर तो चमकणारच. वरून मॅट डिस्टेंपरचा हात फिरवा. आणि नट साध्या शर्ट-पँटमध्ये वावरत असतील तर नेपथ्य परकं दिसेल. त्यांच्या चेहऱ्यावरही दोन काळ्या रेघा ओढा.

'क्वायदान' या जपानी चित्रपटात चार कथा आहेत असं वाचलं, मला तीनच दिसल्या.
*– वाचक, पणजी*

तुम्ही अमेरिकेसाठी कापलेली १२५ मिनिटांची प्रत पाहिलीत. मासाकी कोबायाशी यांचा पूर्ण चित्रपट १८३ मिनिटांचा आहे. गाळली ती हिमस्त्रीची कथा, म्हणजे नेमकी ती, जिच्यात रंगवलेल्या आभाळात मोठाले डोळे उघडतात.

'तुंबाड' (२०१८) घरच्या टीव्हीवर पाहिला. निम्मा वेळ काळोख आणि त्यात चौकोनी ठिगळं. थिएटरमध्येही असाच होता का?
*– वाचक, चिपळूण*

नाही. राही अनिल बर्वे यांनी हा चित्रपट अनेक पावसाळे थांबून खऱ्या पावसात घेतला; वाड्याची दृश्यं सासवडच्या पुरंदरे वाड्यातली. ढगाळ दिवसाच्या उजेडात ठळक सावली पडत नाही. छायालेखक पंकज कुमार यांच्या फ्रेममधला फरक म्हणजे काळा आणि त्याहून जरासा कमी काळा. नेमका तोच फरक टीव्ही गिळतो.

पिक्चर मोड 'विविड'वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर आणा. खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा आपोआप मंद करणारी सोय बंद करा. बऱ्याच टीव्हींत 'ब्राइटनेस' म्हणजे खरं तर काळ्याची पातळी. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या असतील तर त्या किंचित राखाडी दिसेपर्यंत ती वाढवा, मग एक-दोन घरं मागे या. 'शार्पनेस' तळाशी ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय काढून टाका, नाहीतर पाऊस मालिकेतल्यासारखा दिसतो. ट्यूबलाइट बंद करून टीव्हीच्या मागे ६५०० केल्विनचा छोटा मंद बल्ब लावा. पूर्ण अंधारापेक्षा डोळ्यांना बरं.

ठिगळांवर मात्र सेटिंगचा इलाज नाही. नेट मंद असलं की सेवा कमी डेटा पाठवते आणि पहिली काटछाट अंधारातल्या तपशिलाचीच होते. डाउनलोडची सोय असेल तर सर्वांत वरच्या दर्जाची प्रत आधी उतरवून घ्या, आणि बघा रात्रीच.