छर्रे सातच्या बाजूला जातात म्हणून साईटचे स्क्रू फिरवू नका

निपाणीच्या सदस्यांनी लिहिले आहे की, तीन महिने सराव करूनही त्यांच्या एअर पिस्तुलाचे छर्रे घड्याळातील सातच्या बाजूला, म्हणजे खाली डावीकडे, गोळा होतात. मग रिअर साईटचे, म्हणजे पिस्तुलाच्या मागच्या बाजूच्या खाच असलेल्या नेमपट्टीचे, स्क्रू किती फिरवावेत? मीही उजव्या हाताने नेम धरतो आणि माझे अगदी हेच झाले होते, म्हणून आग्रहाने सांगतो की तूर्त स्क्रूला हात लावू नका. उभे राहणे, श्वास आणि सुरक्षिततेचे नियम आपण शिकला असालच.

बेळगावात मी जिथे सुरुवात केली, त्या ठिकाणाचे नाव घेत नाही, तिथे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होते : "खाली जातंय न्हवं, मग साईट वर घे." मी दर रविवारी दोन क्लिक (स्क्रूचे टप्पे) वर आणि दोन उजवीकडे घेत गेलो, स्कोअरही वाढल्यासारखा वाटला. पुढे एका स्पर्धेत, नशिबाने हात शांत असताना, छर्रे एकच्या बाजूला, वर उजवीकडे जाऊ लागले. बोटाची चूक मी साईटच्या चुकीने झाकली होती आणि बोट नीट चालताच ती उघडी पडली. माझे जवळजवळ वर्ष त्यात गेले, छर्र्यांचे पैसे वेगळेच.

खरे कारण एका ज्येष्ठ नेमबाजांनी दाखवले. पिस्तूल ते स्वतः तयार करून माझ्या हाती देत, कधी छर्रा घालून, कधी न घालता, पण कोणते ते मला न सांगता. छर्रा नसलेल्या वेळी, ट्रिगर सुटायच्या क्षणी फ्रंट साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची उभी पट्टी, मागच्या खाचेतून खाली डावीकडे बुडी मारताना मला स्पष्ट दिसली. नेम अगदी मधोमध बसला की मी घाईने बोट ओढत होतो आणि त्यासोबत सगळी मूठ आवळत होतो.

याचा हिशेब सोपा आहे. 10 मीटरच्या टार्गेटवरील दहाचे वर्तुळ 11.5 मिलीमीटर व्यासाचे असते. दोन्ही साईट जुळलेल्या राहून सगळा हात 5 मिलीमीटर सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि दहा मिळतात. पण साईटमधील अंतर 33 सेंटीमीटर धरले, तर फ्रंट साईट खाचेत एकच मिलीमीटर ढळल्याने छर्रा सुमारे 30 मिलीमीटर भरकटतो, म्हणजे काळ्या भागाची कड गाठतो. म्हणून नजर फ्रंट साईटवर ठेवा, टार्गेट धूसर दिसू द्या आणि हात थोडा डुलत असतानाच दाब वाढवत राहा. छर्रा सुटल्यावरही एक-दोन सेकंद साईट पाहत राहा.

मनू भाकर यांच्या 2024 च्या पॅरिस पदकांनंतर हौशी सल्लागार फार वाढले आहेत. कोणी महागडे पिस्तूल घ्यायला सांगेल, कोणी ट्रिगर हलका करायला; स्पर्धेत तो ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागावा लागतो, एवढे ध्यानात ठेवा.

मी प्रशिक्षक नाही आणि आपला हात मी पाहिलेला नाही. आपले पिस्तूल स्प्रिंगचे असेल तर छर्रा न घालता उडवू नका, आतील सील खराब होते; त्याला त्या ज्येष्ठांचा कधी छर्रा घालून, कधी न घालता उडवण्याचा प्रयोग चालणार नाही. इतरांनी तो रेंजवरच, नळी टार्गेटकडे ठेवून, दोन आठवडे करावा. त्यानंतर छर्रे एकमेकांना चिकटून पडू लागले आणि तरीही सातलाच राहिले, तर खुशाल स्क्रू फिरवा, मात्र किती क्लिक फिरवले ते वहीत लिहून ठेवा. मी ते कधीच लिहिले नव्हते, त्यामुळे मूळ जागी परत येतानाही छर्र्यांचा एक अख्खा डबा संपला.