जेवण झकास, पण विचारायला कुणी नाही! तुमच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न : घराजवळ एक नवीन रेस्टॉरंट उघडलंय. जेवण खरंच अप्रतिम आहे, पण तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा तेच! बसल्यावर पंधरा मिनिटं कुणी फिरकत नाही, ऑर्डर दिली की पाऊण तास, मग बिलासाठी परत ताटकळायचं. वेटर आळशी आहेत का? परत जावं की नाद सोडावा?

उत्तर : नाद सोडू नका, निदान इतक्यात तरी. मी स्वतः बरीच वर्षं फ्लोअरवर, म्हणजे गिऱ्हाइकांच्या टेबलांपाशी, काम केलंय आणि नंतर नवीन मुलांना शिकवलंय. आळशी वेटर फार थोडे बघितले, गोंधळलेले मात्र भरपूर.

पुढच्या वेळी फक्त एक गोष्ट बघा, वेटर पळतायत की उभे आहेत. पळत असतील तर माणसं कमी आहेत, कारण एक माणूस साधारण 4-5 टेबलं नीट सांभाळतो, त्याच्या गळ्यात आठ-नऊ टाकली की तो कुणाकडे बघायलाच घाबरतो, बघितलं की अजून एक काम मागे लागतं ना. आणि उभे असूनही तुमच्याकडे कुणी येत नसेल तर कुठलं टेबल कुणाचं हेच ठरलेलं नाही. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने विचारलं असेल. हे दुसरं दुखणं मालकाने मनावर घेतलं तर एका दिवसात बरं होतं, म्हणून म्हणते की अजून एकदा जा, पण गर्दी नसेल तेव्हा जा. रिकाम्या वेळीही तेच झालं तर मात्र मालकाशी बोलायची वेळ आली.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं गेलो होतो. दोघांचं जेवण आलं, ते संपत आलं तेव्हा तिसऱ्याचं आलं, चौथा तसाच बसून! असं का होतं?

उत्तर : कारण किचनमध्ये टेबल बघणारा माणूस नाहीये, प्रत्येक जण आपापला पदार्थ बघतोय. एका पदार्थाला सहा मिनिटं लागतात, दुसऱ्याला वीस, त्यामुळे वीसवाला आधी सुरू करून सहावाला नंतर टाकायला कुणीतरी ओरडून सांगावं लागतं. ऑगस्ट एस्कोफिए या फ्रेंच शेफने 1890 नंतर लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात किचनची जी विभागणी बसवली, त्या पद्धतीत ऑर्डर पुकारणाऱ्याला वेगळं स्थान आहे, हॉटेल मॅनेजमेंटची मुलं त्याला अबॉयर म्हणून ओळखतात. छोट्या ठिकाणी पगार वाचवायला पहिल्यांदा हाच माणूस कापतात आणि मग केओटी, म्हणजे किचनला दिलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, नुसत्या खिळ्याला लटकत राहतात. तुमच्या हातात एवढंच की ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगायचं, 'सगळ्यांचं एकत्र आणा, उशीर झाला तरी चालेल.'

प्रश्न : मला एका पदार्थाची जोरदार अॅलर्जी आहे. विचारलं तर वेटर म्हणाला, 'नसतं बहुतेक.' मी उठून गेलो. जास्तच केलं का?

उत्तर : अजिबात नाही, बरोबर केलंत. बाकी सगळ्या चुका मी समजून घेईन पण ही नाही. 'बहुतेक' हे उत्तरच नाही, वेटरने आत जाऊन शेफला विचारायला हवं होतं. तो पदार्थ डिशमध्ये नसला तरी तोच चमचा, तीच कढई, तेच तेल वापरलं तरी धोका असतो, आणि बऱ्याच अॅलर्जी शिजवल्याने जात नाहीत. 'शेफला विचारून सांगता का?' असं म्हणा, टाळाटाळ झाली तर उठा.

प्रश्न : उशीर झाला म्हणून बोललो तर वेटर उद्धटपणे बोलला. मॅनेजरने साधं सॉरीही म्हटलं नाही. सरळ वाईट रिव्ह्यू टाकू का?

उत्तर : टाका, पण आधी एकदा मालकाला फोन करा किंवा मेसेज टाका. तुम्ही तिथे असताना मॅनेजरला संधी होती, ती त्याने घालवली, पण मालकाला कदाचित हे कळलेलंच नसेल. 1992 साली दोन अभ्यासकांनी 'सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स' असं नाव दिलेली एक गोष्ट आहे, चूक झाल्यावर ती मनापासून आणि चटकन निस्तरली तर गिऱ्हाईक कधी कधी आधीपेक्षा जास्त खूश होतं. दरवेळी असं होत नाही आणि तीच चूक दुसऱ्यांदा झाली की तर नाहीच.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर लिहा. कुठला वार, किती वाजता, किती वेळ थांबलात, कोण काय म्हणालं, आणि जेवण चांगलं होतं तर तेही लिहा. वेटरचं नाव किंवा फोटो कृपया टाकू नका, त्या मुलाची नोकरी जाते आणि ज्याने त्याला नऊ टेबलं दिली तो तसाच राहतो.

प्रश्न : मी अशाच एका छोट्या रेस्टॉरंटची मालकीण आहे. 40 सीट आहेत. जेवणाचं कौतुक होतं पण लोक परत येत नाहीत, शेवटी सर्व्हिसबद्दलच बोलतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुम्ही विचारलंत याचंच मला फार बरं वाटलं. आधी घड्याळ लावून मोजा, लोक किती वेळ बसतात. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे, आतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. 40 सीट भरलेल्या असताना सरासरी 80 मिनिटं लागत असतील तर तासाला 30 माणसं होतात (40 भागिले 80, गुणिले 60). किचन अडकलं आणि तेच 120 मिनिटांवर गेलं तर फक्त 20. म्हणजे उशिराने नुसतं नाव खराब होत नाही, गल्लाही रिकामा राहतो! आणि उशीर बहुतेक वेळा सगळ्यांना एकदम बसवल्यामुळे होतो. आठची सगळी बुकिंग आठलाच घेऊ नका, पंधरा-पंधरा मिनिटांनी विभागा. दारात लोक उभे असताना टेबल रिकामं ठेवायला जीव तुटतो, माहितीये मला, तरी ठेवा.

मग वाट बघण्याचं. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये यावर छान लिहिलंय, रिकामं बसलेलं माणूस वेळ जास्त मोजतं, आणि किती वेळ लागणार हे माहीत नसलं की अजूनच जास्त. म्हणून बसल्यापासून दोन मिनिटांत कुणीतरी जाऊन बोललंच पाहिजे, नुसतं 'आलोच' म्हटलं तरी चालेल. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी खरा आकडा सांगायचा. वीस मिनिटं लागणार असतील तर वीसच सांगा, 'पाच मिनिटं' म्हणून नाही. जेवण ठेवल्यावर दोन घासांनंतर परत एक चक्कर मारायची, कारण चूक असेल तर ती तेव्हाच सुधारता येते.

आणि रोज दार उघडायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून ब्रीफिंग घ्या. आज काय संपलंय, कुठल्या पदार्थात काय आहे, कुठलं टेबल कुणाचं. गर्दीच्या वेळी तुम्ही स्वतः काउंटरवर बसू नका, किचनच्या खिडकीपाशी उभ्या राहा आणि ऑर्डर पुकारा. दोन आठवडे हे करून बघा, त्याच वेळा परत मोजा आणि आकडे मला कळवा.