वाचकांचे प्रश्न : ट्रेन गेल्यावर अकारी तिथे का नव्हती?

प्रश्न : ताई, मी सेकंड इयरला आहे आणि जपानीच्या क्लासला पण जाते. क्लासमधल्या आम्ही मैत्रिणींनी मिळून माकोतो शिनकाईंची 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद' ही ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) फिल्म बघितली आणि तेव्हापासून आमच्यात नुसती भांडणं चालू आहेत. शेवटी रेल्वे फाटकात ताकाकी आणि अकारी, लहानपणी एकमेकांवर जीव असलेले आणि आता मोठे झालेले दोघं, एकमेकांच्या बाजूने जातात, तो वळतो, मधून ट्रेन जातात आणि नंतर बघतो तर ती नाहीच. एक मैत्रीण म्हणते ती अकारी नव्हतीच, त्याला भास झाला. दुसरी म्हणते तिने ओळखलं आणि मुद्दाम निघून गेली. मला तर इतका राग आला, एवढं सगळं दाखवून हाती काय दिलं? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अगं, राग येणं अगदी बरोबर आहे, ही फिल्म 2007 ला आली तेव्हापासून लोक या शेवटावरून भांडतायत. भास वगैरे मला पटत नाही, कारण ट्रेन आडवी यायच्या आधी तीही वळायला लागलेली आपल्याला दिसते. ती अकारीच. पण ती का थांबली नाही हे फाटकात शोधू नकोस, त्यासाठी फिल्मच्या तीन भागांतला पहिला भाग परत बघ.

पहिल्या भागात काय होतं आठव. मार्च 1995, ताकाकी शाळकरी पोरगा, एकटा ट्रेन बदलत बदलत लांब तोचिगी प्रांतात अकारीला भेटायला निघालाय, बर्फामुळे गाड्या लेट, मध्येच कुठेतरी गाडी थांबते ती हलतच नाही, तिला द्यायचं पत्र वाऱ्याने उडून गेलंय, भेटायची वेळ सातची ठरलेली आणि घड्याळ पुढे पुढे चाललंय. तेव्हा तो मनात एकच गोष्ट म्हणत असतो, की अकारी आता घरी निघून गेलेली असू दे. आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर तो इवाफुने स्टेशनवर उतरतो तर ती वेटिंग रूममध्ये शेगडीपाशी मान खाली घालून बसलेली. थांबलेली. मला वाटतं ताकाकीचं पुढचं सगळं आयुष्य या एका दृश्यात अडकून पडलं, कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय हीच त्याची प्रेमाची कल्पना झाली, मग तानेगाशिमा बेटावर राहायला गेल्यावर कुणालाच न पाठवायचे मेसेज टाइप करत बसायचं, टोकियोत नोकरीत स्वतःला जुंपून घ्यायचं, सगळं त्याच्यातूनच आलं.

आता फाटक बघ. त्याला आतून पक्कं वाटतंय की आपण वळलो तर तीही वळेल. एक ट्रेन येते, आणि मग उलट्या बाजूने दुसरी. पुण्यातल्या घोरपडीच्या फाटकात जो कधी उभा राहिलाय त्याला हे लगेच कळेल, एक गाडी गेली की माणूस निघायला बघतो आणि तेवढ्यात दुसरी येते, कोणाला खरंच थांबायचंय ते त्या दुसऱ्या गाडीच्या वेळीच कळतं. अकारी थांबली नाही. तिच्या बोटात अंगठी आहे, लग्न ठरलंय, आईबाबा तिला इवाफुनेला गाडीत बसवून देताना आपण बघितलेत, तिचंही न दिलेलं एक पत्र होतं आणि ते सापडल्यावर ती जुन्या दिवसांची आठवण काढते, पण त्यात अडकून बसत नाही. म्हणजे लहानपणी ताकाकीने गाडीत बसून जे मागितलं होतं ना, की तिने माझ्यासाठी थांबू नये, ते इतक्या वर्षांनी खरं झालं. म्हणून तो हसतो. किंचितच हसतो, वळतो आणि चालायला लागतो. तो शॉट नीट बघ, मला तर तिथे दुःख दिसतच नाही, खूप वर्षं धरून ठेवलेला श्वास सुटल्यासारखा चेहरा आहे तो.

प्रश्न : सगळे या ताकाकीचं कौतुक का करतात? मला तो सरळ स्वार्थी वाटला. तानेगाशिमाच्या शाळेतल्या कानाएला झुलवत ठेवलं, नंतर टोकियोतल्या मुलीलाही तसंच झुलवलं, आणि शेवटी हा हसतो! – एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचं म्हणणं निम्मं मला मान्य आहे. पण फिल्म त्याला सोडत नाही हो. दुसरा भाग पूर्ण कानाएच्या नजरेतून सांगितलाय, ती त्याला आपलं प्रेम सांगायचं ठरवून आलेली असते, स्कूटर बंद पडते, दोघं चालत निघतात, ती रडायला लागते आणि तेवढ्यात मागून रॉकेट आकाशात जातं. तो प्रेमाने वागतो, पण बघतो तिच्या पलीकडे कुठेतरी लांब, हे तिला तिथे कळतं.  आणि टोकियोतली ती मुलगी, मिझुनो, त्याला लिहिते की हजार मेल झाले तरी आपली मनं फार तर एक सेंटिमीटर जवळ आली असतील. याहून कडक शब्द कुठले हवेत? माझी तक्रार वेगळी आहे, मिझुनोला फिल्मने फारच कमी वेळ दिलाय, तिच्या बाजूने दोन मिनिटं तरी हवी होती. याच गोष्टीच्या 'मांगा'त, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, निदान कानाएच्या पुढच्या आयुष्याला जागा दिलीय, ती जरूर वाचा. हसण्याचं म्हणाल तर ते त्याला माफी मिळाल्याचं हसू नाही, यापुढे त्याच्यामुळे आणखी कुणी अशी वाट बघत बसणार नाही एवढंच त्यातून मला कळतं.

प्रश्न : मुलगी सारखी म्हणते आई तू पण बघ. माझं वय पन्नास, कार्टून कधी बघितलं नाही. जमेल का? – एक आई, सिंहगड रोड

उत्तर : नक्की जमेल, फक्त 63 मिनिटांची आहे. आवाज जपानीच ठेवा आणि खाली सबटायटल लावा, एका बैठकीत बघा. शेवटी मासायोशी यामाझाकींचं गाणं लागतं तेव्हा संपलं समजून उठू नका, खरी फिल्म तिथेच आहे, पटापट चित्रं जातात त्यात सगळ्यांची वर्षं निघून जातात. आणि फार रुखरुख लागली तर शिनकाईंचीच 2016 ची 'योर नेम' लावा, तिथे जिन्यावर एकमेकांना ओलांडून गेलेले दोघं वळतात पण आणि बोलतात पण. मुलीला मात्र शेजारी बसवा, तिला तुमच्याशी बोलायचं असणार.