पासपोर्ट कार्ड काढायचं का?
सिटिझन झालास, मनापासून अभिनंदन! आता अमेरिकन पासपोर्ट बुकचा फॉर्म भरतोयसच तर कार्डपण (पाकिटात मावणारं छोटं पासपोर्ट कार्ड) टिक कर, वर फक्त ३० डॉलर लागतात आणि १० वर्षं चालतं. आम्ही नायगाराला रेनबो ब्रिजवरून कॅनडात जातो तेव्हा खिडकीतून कार्ड पुढे केलं की झालं. मेक्सिको, बर्म्युडा, कॅरिबियनहून गाडीने किंवा बोटीने परत येतानाही चालतं. पण इंटरनॅशनल फ्लाइटला अजिबात नाही बरं का, म्हणजे टोरांटोत कुणी आजारी पडलं आणि विमानाने यायची वेळ आली तर अडकशील, म्हणून मी बुक बॅगेत ठेवतेच. कार्डात दुरून वाचता येणारी चिप असते, ती कुणी वाचू नये म्हणून सोबत आलेलं पातळ कव्हर फेकू नकोस, कार्ड त्यातच ठेव. १६ वर्षांखालच्या पोरांचं मात्र ५ वर्षांतच संपतं.