शेजारी देशांच्या युद्धावर विनोदी सिनेमा काढणं हा जवानांचा अपमान आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. युद्धावरचा विनोदी सिनेमा म्हणजे सीमेवर जीव देणाऱ्यांची थट्टा होत नाही का, आणि दोन शेजारी देशांच्या भांडणावर राजकीय टोला हाणणारा, खरोखर बघण्यासारखा एखादा तरी सिनेमा आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे आणि पहिल्याचं उत्तर मला त्यातूनच मिळालं. म्हणून उलट्या बाजूनं सुरुवात करतो.

सिनेमाचं नाव ‘नो मॅन्स लँड’. बोस्नियाचा, २००१ चा, दिग्दर्शक डॅनिस तानोविच. आपल्याकडे हा सिनेमा न बघताच बदनाम झाला. २५ मार्च २००२, सोमवारची सकाळ. आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ ऑस्करच्या शेवटच्या पाचांत पोचला होता. आमच्या घरी सकाळी सातलाच टीव्ही लागला होता, आणि पाकीट फोडून भलतंच नाव वाचलं गेलं. पुढे कितीतरी दिवस आम्ही त्या सिनेमाच्या नावानं बोटं मोडली. पाहिला मात्र दोनेक वर्षांनी, सीडीवर, साताऱ्याजवळच्या गावी मामांच्या घरी. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी नियंत्रण रेषेवर काढलेली. त्यांच्या शेजारी बसून पाहिला, म्हणूनच मला तो कळला असं आजही वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. बोस्नियाचं युद्ध १९९२ ते १९९५ या काळातलं. बोस्निया ज्याचा भाग होता तो युरोपातला युगोस्लाव्हिया फुटला आणि कालपर्यंत एका शाळेत शिकलेली, एका कारखान्यात काम केलेली माणसं सर्ब, क्रोएट आणि बोस्नियाक अशी वेगळी होऊन एकमेकांवर बंदुका रोखून उभी राहिली. सुमारे एक लाख माणसं मेली. राजधानी सारायेव्होला १,४२५ दिवस वेढा होता. तानोविच त्या काळात बोस्नियाच्या सैन्याबरोबर कॅमेरा घेऊन फिरत होता. म्हणजे हा विनोद कुणी लांब बसून केलेला नाही.

गोष्ट एका दिवसाची आहे. बोस्नियाच्या सैनिकांची एक तुकडी रात्री धुक्यात वाट चुकते आणि उजाडल्यावर सर्बांच्या थेट समोर येते. गोळीबार होतो. चिकी नावाचा सैनिक दोन्ही फळ्यांच्या मधल्या खंदकात जाऊन पडतो. तिथे पाहणी करायला दोन सर्ब येतात. त्यातला वयस्कर चिकीच्या मेलेल्या साथीदाराच्या पाठीखाली सुरुंग ठेवतो. वजन हटलं की उडणारा. प्रेत न्यायला त्याचे लोक येतील आणि तेही मरतील, असा हिशेब. चिकी लपलेला असतो. तो त्या वयस्कर सर्बाला मारतो, दुसऱ्याला, निनोला, जखमी करतो. आणि मग ते ‘प्रेत’ डोळे उघडतं. त्सेरा जिवंत असतो. त्याला शिंक आली तरी तिघंही संपणार.

आता खंदकात तीन माणसं. दोन शत्रू, एकमेकांची भाषा घरच्यासारखी बोलणारे, आणि मधे पाठीखाली सुरुंग घेऊन पडलेला तिसरा. इथून विनोद सुरू होतो.

चिकी आणि निनो भांडायला लागतात की हा देश कुणी नासवला. तुम्ही, नाही तुम्ही. शेवटी चिकी बंदूक रोखून विचारतो, युद्ध कुणी सुरू केलं? निनो मुकाट्यानं म्हणतो, आम्ही. थोड्या वेळानं बंदूक निनोच्या हातात येते. तोच प्रश्न. आता चिकी म्हणतो, आम्ही. मी हसलो ते सिनेमा म्हणून. मामा हसले ते वेगळं होतं, छातीतून आलेलं. मला म्हणाले, “आमच्या समोरच्या पोस्टवरनं रात्री हेच ओरडायचे. आम्ही बी ओरडायचो. सकाळी दोन्हीकडं चहाचा धूर एकदमच निघायचा.” हे त्यांनी आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं. फौजेतलं फारसं काही ते सांगतच नसत.

दुसरा प्रसंग त्याहून साधा. मदत यावी म्हणून दोघं अंगावरचे गणवेश उतरवतात आणि चड्डी-बनियनवर खंदकाबाहेर येऊन पांढरं फडकं हलवतात. दोन्हीकडचे सैनिक दुर्बिणीतून बघतात आणि पेचात पडतात. आपला कुठला, त्यांचा कुठला? ओळखता येत नाही, त्यामुळे कुणी गोळीही झाडत नाही. भाषण नाही, संगीत नाही. दोन उघडी माणसं आणि दोन दुर्बिणी, एवढंच. शेजारी देशांच्या युद्धाबद्दल याच्यापेक्षा जास्त सांगणारं दृश्य मी पाहिलेलं नाही.

आणि तिसरा, क्षणभराचा. त्याच नरकात खंदकात बसलेला एक सैनिक वर्तमानपत्र वाचता वाचता हळहळतो की रवांडात काय चाललंय बघा! प्रत्येकाला आपल्या पायाखालची आग सवयीची होते आणि लांबची बातमी वाटते. गेली काही वर्षं रोज सकाळी पेपर उघडताना मला तो सैनिक आठवतो.

मग संयुक्त राष्ट्रांचं पथक येतं. निळ्या टोप्यांमुळे स्थानिक लोक त्यांना ‘स्मर्फ’ म्हणतात, कार्टूनमधली ती निळी बुटकी माणसं. एक फ्रेंच सार्जंट मनापासून धडपडतो, पण वरून हुकूम येतो की गुंतू नका. वरचा कर्नल आपल्या कचेरीत बुद्धिबळ मांडून बसलेला. टीव्हीची बातमीदार बाई पोचते तेव्हा कुठे तो जागचा हलतो, कारण आता जग बघतंय. बातमीवाल्यांना पाठीखालच्या सुरुंगावर पडलेल्या माणसाची मुलाखत हवी असते. दिग्दर्शकाचा सगळ्यात कडक टोला इथेच आहे. दोन भांडणाऱ्या सैनिकांवर त्याला राग नाही. त्यांच्यावर तो हसतो तेही मायेनं. राग आहे तो टेबलामागे बसून ‘तटस्थ’ राहणाऱ्यांवर.

इथे एक आपल्या जवळची गोष्ट. युगोस्लाव्हियात पाठवलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या त्या दलाचे पहिले सेनापती भारतीय होते. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्रविजेते. मार्च १९९२ पासून वर्षभर ते तिथे होते. सिनेमातला कर्नल काल्पनिक आहे आणि ब्रिटिश दाखवला आहे, त्याचा नंबियारांशी काही संबंध नाही. पण मामांना हे माहीत होतं. आपल्या रेजिमेंटचा माणूस त्या दलाचा प्रमुख होता, याचा त्यांना अभिमान होता. म्हणून निळ्या टोप्यांची ती फजिती बघताना ते गप्प झाले. नंतर एवढंच म्हणाले, “हुकूमच नसला तर शिपाई काय करणार?”

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. अपमान होतो की नाही, हे विनोद आहे की नाही यावर ठरत नाही. हसू कुणावर रोखलंय यावर ठरतं. सैनिकाची भीती, भूक, घरची ओढ यावर त्याच्याबरोबर हसणं म्हणजे त्याला माणूस मानणं. त्याला मूर्ख, भित्रा, नाहीतर राक्षस दाखवून टाळ्या घेणं हा अपमान, मग तो आपला असो की पलीकडचा. आणि पलीकडच्या सैनिकाला विदूषक केलं की आपल्या जवानाचं शौर्यही स्वस्त होतं. विदूषकांना हरवण्यात कसला पराक्रम?

राज्यकर्त्यांवरच्या विनोदाला मात्र कुठलीही मर्यादा नको, असं माझं ठाम मत आहे. त्याचा अस्सल नमुना हवा असेल तर मार्क्स बंधूंचा, म्हणजे अमेरिकेतल्या विनोदी नट भावंडांचा, ‘डक सूप’ बघा. १९३३ चा. त्याच वर्षी जानेवारीत हिटलर सत्तेवर आला होता. फ्रीडोनिया आणि सिल्व्हानिया असे दोन काल्पनिक शेजारी देश. फ्रीडोनियाचा प्रमुख फायरफ्लाय हा आपल्या वगातल्या राजाचा सख्खा भाऊ शोभेल. एका प्रसंगात शेजारी देशाच्या राजदूताशी समेट घडवायचा असतो. फायरफ्लाय खुशीत तयार होतो, म्हणतो, मी मैत्रीचा हात पुढे करीन. मग स्वतःशीच विचार करतो, पण त्यानं हात धरला नाही तर? माझी काय शोभा राहील? माझ्या देशाला कोण विचारील? बोलता बोलता तो स्वतःच्याच कल्पनेनं इतका पेटतो की राजदूत दारातून आत आल्याबरोबर ‘काय, माझा हात धरत नाहीस?’ म्हणून त्याच्या थोबाडीत मारतो. त्या बिचाऱ्यानं तोंडही उघडलेलं नसतं. युद्ध जाहीर. पुढे युद्ध टाळायची गोष्ट निघते तेव्हा फायरफ्लाय म्हणतो की आता उशीर झाला, रणांगणाचं महिन्याचं भाडं मी भरून बसलोय.

तो थोबाडीतला प्रसंग मी कितीदा बघितला असेल. शेजारी राष्ट्रांमधला संशय कसा फुगतो हे त्या दोन मिनिटांत लहान मुलालाही कळेल. समोरचा काय करील याची आपणच कल्पना करायची, त्या कल्पनेवर आपणच चिडायचं, आणि त्या चिडीचा सूड खऱ्या माणसावर काढायचा.

हिटलरची टर उडवणारा चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ (१९४०) तुम्ही पाहिलाच असेल. पृथ्वीचा फुगा उडवण्याचा प्रसंग सगळ्यांना आठवतो, पण तुमच्या विषयाला जवळचा आहे तो दोन हुकूमशहांच्या भेटीचा. न्हाव्याच्या दुकानातल्या खुर्च्यांवर बसून एकमेकांपेक्षा उंच दिसायला दोघं खुर्ची वर वर नेत राहतात, पार छतापर्यंत. तिसऱ्या देशाच्या सीमेवर आधी सैन्य मागे घ्यायचं की आधी सही करायची यावरून ते जेवणाच्या टेबलावर एकमेकांवर अन्न फेकतात. अपमानाच्या प्रश्नाबद्दल मला चॅप्लिन फार मोठा वाटतो तो एका कारणासाठी. १९६४ च्या आत्मचरित्रात त्यानं लिहिलंय की हिटलरच्या छळछावण्यांत खरं काय घडत होतं ते कळलं असतं, तर हा सिनेमा आपण करू शकलो नसतो. कुठपर्यंत हसता येतं याची मर्यादा त्यानं स्वतः सांगितली, कुणी लादल्यावर नव्हे.

आपल्याकडे काय? २०१३ चा ‘वॉर छोड ना यार’ नेमका याच वाटेचा. सीमेवरच्या दोन चौक्या, शर्मन जोशी इकडचा कॅप्टन, जावेद जाफरी पलीकडचा. त्यातली सगळ्यात चांगली कल्पना म्हणजे चार देशांचे सत्ताधारी एकाच नटानं, दलीप ताहिलनं, केले आहेत. चेहरा तोच, झेंडा वेगळा. पण सिनेमा पुढे कच खातो. सैनिक सगळे गोड, राजकारणी सगळे दुष्ट, आणि पाठीखाली सुरुंग कुणाच्याच नाही. ‘फिल्मिस्तान’ मला जास्त आवडतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, नितीन कक्करचा. अतिरेकी अमेरिकी माणसाऐवजी चुकून मुंबईच्या सिनेमावेड्या सनीला उचलून सीमेपलीकडच्या खेड्यात डांबतात, आणि त्या घरातला आफताब निघतो हिंदी सिनेमांच्या चोरट्या सीडी विकणारा. दोघांची भाषा एक, वेड एक. त्यात युद्ध नाही, पण सीमा आहे, आणि तिच्यावरचं हसू निर्मळ आहे. ‘तेरे बिन लादेन’ (२०१०) हा अमेरिकेवरचा टोला. पाकिस्तानात त्यावर बंदी आली.

एवढ्या मोठ्या देशात यादी इतकी आखूड का, याचं एक कारण कायद्यात आहे. १९५२ च्या चित्रपट कायद्याच्या ‘५ ब’ कलमात, प्रमाणपत्र नाकारण्याच्या कारणांमध्ये ‘परराष्ट्रांशी मैत्रीपूर्ण संबंध’ हेही एक आहे. २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयानं सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहिलं की लष्करावर सिनेमा काढणाऱ्यांना आधी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगा. गणवेशाची विटंबना होऊ नये ही काळजी मला समजते, फौजीच्या घरात वाढलेल्या कुणालाही समजेल. पण ज्याच्या हुकुमावर हसायचं त्याच्याकडूनच परवानगी आणायची असेल, तर कर्नल बुद्धिबळ खेळताना दाखवणार कोण? शिवाय त्या सिनेमांना जे धाडस लागतं ते आपण प्रेक्षकही देत नाही. शेजाऱ्याला शिव्या घालणारा सिनेमा आपण तिकीट काढून बघतो, आणि स्वतःकडे बोट दाखवणाऱ्याला देशद्रोही ठरवतो.

सुरुवात ‘डक सूप’नं करा, तासाभराचाच आहे. मग ‘नो मॅन्स लँड’. तो मूळ आवाजातच बघा, डब केलेला नको, कारण कोण कुणाची भाषा बोलतो आणि कुणाला ती कळत नाही, यावर अर्धा सिनेमा उभा आहे.

आणि घरी कुणी फौजी असेल तर त्यांना बरोबर घ्या, पण शेवट आधी सांगून ठेवा. (तुम्हाला शेवट कळायला नको असेल तर इथेच थांबा.) जर्मन तज्ज्ञ येतो, बघतो आणि सांगतो की हा सुरुंग निकामी करता येत नाही. चिकी आणि निनो शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात आणि दोघंही मरतात. कर्नल पत्रकारांना सांगतो की खंदकातल्या माणसाला वाचवलं, सगळे गाड्या वळवून निघून जातात, आणि त्सेरा तिथेच, तसाच आकाशाकडे बघत पडून राहतो. मी मामांना काही सांगितलं नव्हतं. सिनेमा संपला, नावं वर सरकत होती आणि ते पडद्याकडे बघत विचारत होते, “त्याला न्यायला कोण येतंय मग?”