नाकातलं बिऱ्हाड

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी आईच्या नाकातला स्वॅब तपासला, त्यात ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, ‘इन्फेक्शन नाही, नुसतं कॉलनायझेशन आहे.’ हे आईला मराठीत कसं सांगायचं, असं कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय. ‘संसर्ग आहे पण संसर्ग नाही’ असं काहीतरी होतं म्हणे.

होणारच. ‘संसर्ग’ म्हणजे मुळात संपर्क, संगत. जंतूशी गाठ पडली की संसर्ग झाला. पुढे काय होतं ते हा शब्द सांगत नाही. आपण मात्र तो सरसकट इन्फेक्शनला चिकटवला. हिंदीतून आलेलं ‘संक्रमण’ मला तर रुचतच नाही. आपल्याकडे संक्रमण सूर्याचं, नाहीतर शिबिराचं. ‘लागण’ अस्सल, पण बारामती-इंदापूरकडे लागण उसाचीही होते.

इन्फेक्शनला माझं मत ‘बाधा’ला. रात्रीचं दही एकाला बाधतं, दुसऱ्याला नाही, दही तेच. आतड्यात निमूट राहणारा ई. कोलाय मूत्रमार्गात शिरला की लघवीला जळजळ सुरू होते. नाकातला स्टॅफिलोकॉकस जखमेत उतरला की पू होतो. जंतू तोच, जागा बदलली, किंवा शरीराचा प्रतिकार ढिला पडला, आणि बाधला. (बाधा झाली म्हणजे लक्षणं दिसतीलच असंही नाही, हे कोविडने दाखवलं.)

आता कॉलनायझेशन, म्हणजे जंतूने त्रास न देता नुसतं राहणं. ‘वसाहत’ म्हणावं तर प्रयोगशाळेत थाळीवर उगवणारा जंतूंचा ठिपकाही वसाहतच. लिहिताना ‘वास्तव्य’ बरं. घरात बोलताना मी ‘बिऱ्हाड’ म्हणेन; पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. साधारण दर तिघांत एकाच्या नाकात या स्टॅफिलोकॉकसचं बिऱ्हाड असतं, त्याला पत्ताही नसतो. कातडीवर, तोंडात, आतड्यात तर जन्मापासून बिऱ्हाडं येत राहतात. आणि ती उपयोगीही पडतात: जागा अडवून ठेवतात. अँटिबायोटिकने जुने बिऱ्हाडकरू उठवले की आतड्यात क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलसारखा दांडगट जंतू फोफावतो आणि जुलाब सुरू होतात.

तर ताई, आईला सांगा: ‘तुझ्या नाकात जंतूंचं बिऱ्हाड आहे, तुला ते बाधलेलं नाही. ऑपरेशनच्या जखमेत उतरू नये म्हणून डॉक्टर मलम देतील, ते लावून बिऱ्हाड आधी हलवू.’