आधी नाचाची जमीन ठरवा
जुनं घर समूहनृत्यासाठी वापरायचं असेल, तर त्याच्या दर्शनी भागाची रेखाटनं नंतर करा, आधी नाचाची जागा ठरवा. घराचा मजला साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर भार धरून आखतात. समूहनृत्याला ५०० धरावे लागतात. शिवाय सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडले की जुन्या लाकडी तुळया झुलू लागतात. म्हणून नाच तळमजल्यावरच. पण थेट काँक्रीटवर नको, गुडघे जातात: रबरी तुकड्यांवर लाकडी पट्ट्या आणि त्यांवर १२ मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर, एक उभा, एक आडवा. ढोलाचा आवाज दारं-खिडक्यांच्या फटींतूनही निसटतो. तिथे रबरी पट्टी लावा. चुन्यातल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा (कंत्राटदार हमखास तोच सुचवतो) अजिबात करू देऊ नका. ओल आत कोंडते आणि विटांचा भुगा होतो.